घराचे वायरिंग आणि गावातील इलेक्ट्रिशियन : पेडणे व डिचोली परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आपल्या समाजाची बरीच घरे जुनी, चिऱ्याची व कौलारू आहेत. कित्येक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त पणजी, मुंबई, पुणे येथे असतात आणि मूळ घर उघडते ते चवथीला. चवथ येते पावसाळ्यात. भिंतींना ओल असते, बंद घरात उंदरांनी वायर कुरतडलेली असते, आणि त्याच दिवसांत मखराची रोषणाई, विहिरीवरचा पंप, गिझर, मिक्सर सगळे एकदम सुरू होते. त्यामुळे सदस्य आम्हांला वायरिंगबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

वीज खात्याची जबाबदारी कुठपर्यंत?

गोव्यात घरोघरी वीज पुरवण्याचे काम राज्य सरकारचे वीज खाते करते. खांबावरून मीटरपर्यंतची वाहिनी आणि मीटर हे खात्याचे काम. मीटरच्या पुढचे सर्व वायरिंग, बोर्ड आणि अर्थिंग यांची जबाबदारी घरमालकाची. शेजारीही अंधार असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी. फक्त आपल्याच घरात वीज नसेल तर आधी आपला मेन स्विच पाहावा. तो ठीक असेल तर दोष सर्व्हिस वायरमध्येही असू शकतो. मीटरचे सील कोणालाही, ओळखीच्या वायरमनलासुद्धा, तोडू देऊ नये.

दिवे अचानक फार प्रखर झाले किंवा पंखे भलत्याच वेगाने फिरू लागले, तर न्यूट्रल तुटलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी मेन स्विच ताबडतोब बंद करून मगच तक्रार नोंदवावी.

कोणाला बोलवावे?

दिवा, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलणे ही किरकोळ कामे आहेत. नवीन वायरिंग, जादा पॉइंट किंवा बोर्डातील फेरबदल मात्र नियमानुसार परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फतच करावे लागतात, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमनकडेही परवाना असावा लागतो. परवाना पाहायला मागण्यात संकोच नको. ‘आपलाच माणूस आहे, कागद कसले मागायचे?’ असे आपल्याकडे अनेकांना वाटते. पण मीटर घेताना किंवा भार वाढवताना कामाचा चाचणी अहवाल द्यावा लागतो, आणि त्यावर परवानाधारकाचीच सही चालते.

डिचोली आणि पेडणे येथे शासकीय आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली गावातीलच मुले हे काम करतात. त्यांना काम द्यावे, मात्र मोठ्या कामावर परवानाधारकाची देखरेख आहे याची खात्री करावी.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एमसीबी वायरचे रक्षण करतो. भार फार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले की तो पडतो. दिव्यांच्या सर्किटचा एमसीबी साधारण ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा असतो. माणसाचा जीव जायला मात्र काही दशक मिलिअँपिअर पुरतात. म्हणजे माणसाला शॉक बसत असताना एमसीबी पडेलच असे नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतील फरक पाहतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. एवढी गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकून थेट जोडणी करणारे लोक आहेत. असे कधीही करू देऊ नये. तो पडतो कारण घरात कुठेतरी गळती आहे: ओली भिंत, जुना गिझर किंवा पंपाची सोललेली केबल. एकेक सर्किट बंद करून गळतीची जागा शोधता येते. आरसीसीबीवरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणेही तितकेच धोक्याचे आहे.

अर्थिंग कसे असावे?

अनेक जुन्या घरांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला जोडलेले असे. पुढे पाइप प्लास्टिकचा झाला आणि अर्थिंग गेले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही. घराला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवा. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते, तेव्हा अर्थिंग दुबळे होते. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालावे. मोरजी, मांद्रे, हरमल अशा किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या हवेने जोड गंजतात, ते दरवर्षी पाहावेत. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थची पिन जोडून देण्याची पळवाट जीवघेणी आहे.

भाराचा हिशेब

वॅटला २३० ने भागले की ढोबळमानाने अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर, सुमारे १६०० वॅटचा एसी आणि १००० वॅटची इस्त्री एकाच वेळी चालवली तर ४६०० वॅट, म्हणजे २० अँपिअर होतात. दिव्यांसाठीच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर हा भार टाकू नये. गिझर आणि एसीला स्वतंत्र सर्किट व साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी खोल्या वाढवल्या असतील, तर वीज खात्याकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

काम देताना आणि ताब्यात घेताना

अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात पॉइंटांची संख्या व प्रत्येकी मजुरी, वायरचा आकार आणि आयएसआय चिन्ह असलेला माल यांचा उल्लेख असावा. रकमेचा काही भाग चाचणीनंतर द्यावा. चाचणी म्हणजे ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजणे (किमान १ मेगाओहम हवे), अर्थिंगचा रोध मोजणे आणि आरसीसीबी पाडून दाखवणे. कोणते सर्किट कुठे जाते याचा साधा आराखडा बोर्डाच्या दारावर चिकटवून घ्यावा. इन्व्हर्टर असेल तर दुरुस्तीपूर्वी तोही बंद करावा. मेन स्विच बंद केला तरी त्याची वीज वायरमध्ये राहते.

चवथीपूर्वी

घर उघडल्यावर निदान आठवडाभर आधी तपासणी करून घ्यावी. ऐन चवथीच्या तोंडावर इलेक्ट्रिशियन मिळत नाही. माटोळीला ओला पाला आणि फळे बांधतात, तेव्हा दिव्यांच्या माळा तिच्या लाकडी चौकटीवरून नेऊ नयेत. माळांचे जोड जमिनीवर किंवा पागोळ्यांखाली ठेवू नयेत.

कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करावे आणि १०८ ला फोन करावा. मेन स्विच कुठे आहे हे घरातील प्रत्येकाला, मुलांना आणि वयस्कर मंडळींनाही, दाखवून ठेवावे.