तळटीप १२ : फंक

१२. फंक : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नृत्यसंगीत. १९६५च्या सुमारास जेम्स ब्राउन यांनी त्याला घाट दिला : चार मात्रांतल्या पहिलीवर ठाम आघात, गिटार आणि ब्रासही तालवाद्यांसारखी तुटक वाजवायची. स्लाय स्टोन यांच्या वाद्यवृंदातील लॅरी ग्रॅहम यांनी बेस गिटारची तार अंगठ्याने ठोकून वाजवण्याची शैली रूढ केली. जॉर्ज क्लिंटन यांनी फंकला भव्य रंगमंच मिळवून दिला. सांगलीकडच्या आशा भोसले यांचा आवाजही या परंपरेत पोहोचला : कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील त्यांच्या गाण्यांचे अंश ब्लॅक आइड पीज या संगीतगटाने २००५मध्ये आपल्या एका गाण्यात वापरले. त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले.

मूळ मजकुरात ‘फंक’ हा शब्द तारपा नाचासाठी आला आहे. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर दुधीभोपळा व बांबूचा तारपा वाजवणारा गालांत हवा साठवून सूर अखंड ठेवतो. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. ब्राउनही आपला वाद्यवृंद असाच इशाऱ्यांवर वळवत. हे साम्य रीतीचे आहे, वंशाचे नव्हे. तारप्याची परंपरा स्वतंत्र आहे आणि तिचा मान तिच्याच नावाने व्हावा. — संपा.