अठरा पूर्णांक त्र्याऐंशी

वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती घडवण्याचा उद्योग प्रत्यक्ष आगगाडीहून जुना आहे. कारण १७८४ च्या सुमारास कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे विल्यम मर्डॉकने जी तीनचाकी वाफेची गाडी चालवून पाहिली ती टेबलावर मावेल एवढीच होती, आणि पुढे ट्रेविथिक या अभियंत्यानेही मोठ्या यंत्राला हात घालण्यापूर्वी अशाच प्रतिकृतींवर आपली कल्पना पडताळून घेतली. त्या काळी अचूकतेचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण जिच्याशी ताडून पाहावे अशी मूळ वस्तूच अद्याप जन्मली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पितळेची खेळण्यातली इंजिने विकली जाऊ लागली. धावताना ती मागे पाण्याचा ओघळ सोडीत, म्हणून त्यांना 'ड्रिबलर' हे नाव पडले. प्रमाणशुद्धतेची आस बळावली ती १८९८ नंतर. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, आणि थोड्याच वर्षांत नॉर्थॅम्प्टनचे विक्रेते बॅसेट-लोक हे हेन्री ग्रीनली यांच्या आराखड्यांवरून खऱ्या इंग्रजी इंजिनांच्या प्रतिकृती विकू लागले.

मात्र एक दोष आधीच पायात शिरला होता. १८९१ मध्ये मार्कलिन या जर्मन कारखान्याने खेळण्यातल्या रुळांच्या रुंद्यांना क्रमांक देऊन त्या ठरवून टाकल्या; रुंदी आधी पक्की झाली, प्रमाण मागाहून तिच्यावर बसवावे लागले. पुढे रुळांची रुंदी निम्म्यावर, म्हणजे १६.५ मिलिमीटरवर आणली गेली, तेव्हा इंग्रजी इंजिनांच्या आखूड-अरुंद देहात त्या काळची विद्युत मोटर मावेना. तोड अशी निघाली की देह फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणाने वाढवावा, रूळ मात्र तेच ठेवावेत. त्या प्रमाणात खऱ्या इंग्रजी रेल्वेचे ४ फूट ८½ इंचांचे रूळ १८.८३ मिलिमीटर भरले पाहिजेत, १६.५ म्हणजे अवघे ४ फूट १½ इंच. समोरून पाहिले तर भरदार छातीचे इंजिन लुकड्या पायांवर उभे दिसते. १९३८ च्या 'हॉर्नबी डब्लो' या खेळण्यातल्या आगगाडीने ही तडजोड घरोघर रूढ केली. काही चोखंदळ कारागीर १८ मिलिमीटरवर गेले, आणि १९६० च्या दशकात काहींनी १८.८३ चाच आग्रह धरला. बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आपल्या पहिल्या गाडीचे रूळ ५ फूट ६ इंचांचे. तिला याच प्रमाणात २२ मिलिमीटर लागतात, आणि बाजारचे तयार रूळ वापरले तर तिचा सारा ऐसपैसपणाच नाहीसा होतो. प्रतिकृतींना गुण देताना रिव्हेट मोजणारे परीक्षक पुष्कळ भेटतात. माझी पहिली कसोटी रुळांची: मी प्रथम इंजिनाच्या समोर वाकून चाकांमधील अंतर पाहीन.

दुसरी कसोटी तारखेची. इंजिनाचा एकच अस्सल नकाशा नसतो. त्याच्या आयुष्याचे दफ्तर असते. १९२३ साली डॉन्कास्टरला बांधलेले 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन प्रथम १४७२ क्रमांकाचे, पुढच्या वर्षी ४४७२, ब्रिटिश रेल्वेच्या अमदानीत ६०१०३. १९४७ मध्ये त्याला अधिक दाबाचा बॉयलर, १९५९ मध्ये दुहेरी धुराडे आणि १९६१ मध्ये धूर वर लोटणारे पत्रे मिळाले. सफरचंदी हिरवा रंग, ४४७२ हा क्रमांक आणि दुहेरी धुराडे ही एकत्र दिसताच उतावळा परीक्षक गुण कापील. परंतु १९९९ च्या दुरुस्तीनंतर ते इंजिन खरोखरच या वेशात धावले. म्हणून कर्त्याने आपल्या प्रतिकृतीचे साल सांगावे, आणि परीक्षकाने त्याच सालच्या छायाचित्रांची साक्ष काढावी: धुराड्याच्या कडेची वक्रता, चाकांच्या आऱ्यांची संख्या, आणि दांडा जिथे जोडतो ती खुंटी आऱ्याच्या रेषेत आहे की दोन आऱ्यांच्या मधल्या जागेत, हे सारे तिथे उमटलेले असते.

जिवंत वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतीपुढे मात्र ही मोजपट्टी थोडी सैल धरावी लागते. १९२० च्या दशकात 'एलबीएससी' या नावाने लिहिणाऱ्या कारागिराने आपल्या 'आयेशा' या अडीच इंची रुळांवरच्या कोळशाच्या इंजिनाने मोठी माणसे ओढून दाखवली, आणि बॉयलर कसा असावा यावर ग्रीनली यांच्या पक्षाशी त्याचा कडाक्याचा वाद झाला. लांबीरुंदी लहान करता येते. अग्नी आणि पाणी आपल्या मूळ स्वभावानेच वागतात. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी प्रमाणात केली तर ती केसासारखी होते, तिच्यात पाणी पृष्ठताणाने अडकून पातळी खोटी दाखवते, आणि त्या खोट्या पातळीवर विसंबून आग पेटवणे जिवावर बेतू शकते. ती नळी प्रमाणाबाहेर जाड दिसली तर मी तिचा गुण कापणार नाही. नजर खाली नेऊन पुन्हा चाकांकडे वळेन.