आणेवारी ते पीककापणी प्रयोग : आकलनातील अभिनतीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९१८ साली मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात झालेल्या सत्याग्रहाच्या मुळाशी एका आकड्याचा वाद होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाची सारावसुली तहकूब करण्याची मागणी रयतेला जमीन महसुलाच्या नियमांनुसार करता येत असे. पीक चार आण्यांपेक्षा कमी आहे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. सरकारी अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. या लढ्याचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. संख्याशास्त्राच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील आणखी एक बाब लक्षणीय ठरते. शेतात किती पिकले हे ठरविण्याची उभयपक्षी मान्य होईल अशी कोणतीही रीत त्या वेळी उपलब्ध नव्हती.

ही रीत पुढील तीन दशकांत भारतात घडली. ती घडताना नमुना-तुकड्याच्या आकाराबाबत जो वाद झाला, त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. नमुना वाढविल्याने यादृच्छिक त्रुटी कमी होते, अभिनती मात्र कमी होत नाही, हे आकलनशास्त्रातील तत्त्व या वादाच्या केंद्रस्थानी होते. तसेच या वादाची मुळे केवळ गणितात नसून भिन्न महसूल व्यवस्थांतही होती, असे येथे मांडावयाचे आहे.

आणेवारीची पद्धत

ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज तीन राशींच्या गुणाकाराने काढला जाई : लागवडीखालील क्षेत्र, दर एकरी 'सामान्य' उत्पादन आणि त्या वर्षीची पीकस्थिती. यांपैकी पीकस्थिती गावकामगार नजरेने पाहून आण्यांत सांगत असे. 'सामान्य' पीक म्हणजे नेमके किती, याबाबत प्रांतोप्रांती एकवाक्यता नव्हती. शिवाय आणेवारी ठरविणारा कर्मचारी हा सारा वसूल करणाऱ्या यंत्रणेचाच घटक होता. त्यामुळे आकड्यात चूक किती आहे, हे तपासण्याचे साधन त्या पद्धतीत नव्हते. आकलकाला प्रमाण त्रुटी नसेल तर ते आकलन नव्हे, केवळ मत होय, असे आज आपण म्हणू.

यादृच्छिकतेचा प्रवेश

या स्थितीत पहिला बदल जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने घडविला. बिहार व ओरिसा प्रांतात १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी भातशेतीतील लहान लहान तुकडे यादृच्छिक रीतीने निवडून कापले आणि १९२७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे आर. ए. फिशर हे पुनरावृत्ती, यादृच्छिकीकरण आणि स्थानिक नियंत्रण या तीन तत्त्वांवर प्रयोग-अभिकल्पनाची उभारणी करीत होते. त्यांचा 'डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' हा ग्रंथ १९३५ साली प्रकाशित झाला. तुकडा कोठे घ्यावयाचा हे माणसाने न ठरविता यदृच्छेने ठरवावे, म्हणजे आकलनाची त्रुटी त्या आकड्यांतूनच काढता येते, हा या विचाराचा गाभा होय.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना केली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाच्या मोठ्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. लहान आकाराचे पुष्कळ तुकडे, स्वतंत्र प्रशिक्षित अन्वेषक आणि परस्परांची पडताळणी करणारे अंतर्भेदी उपनमुने ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत.

सुखात्मे आणि पानसे

दुसरा प्रवाह भारतीय कृषी संशोधन परिषदेत विकसित झाला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन लंडनला गेले. तेथे त्यांना जर्झी नेमन यांचा सहवास लाभला. नेमन यांनी १९३४ मध्ये स्तरित नमुन्याचा सिद्धांत मांडला होता. प्रत्येक स्तरातील प्रचरण अज्ञात असताना प्राथमिक नमुन्यावरून त्याचे आकलन करून नमुन्याचे वाटप कसे करावे, याचा विचार सुखात्मे यांनी १९३५ च्या आपल्या शोधनिबंधात केला. १९४० पासून ते कृषी संशोधन परिषदेत कार्य करू लागले.

याच दशकाच्या पूर्वार्धात विनायक गोविंद पानसे व आर. जे. कळमकर यांनी वऱ्हाडात कापसावर यादृच्छिक पीककापणीचे प्रयोग केले. कापूस एकदाच कापून मोजता येत नाही. त्याच्या अनेक वेचण्या होतात. त्यामुळे आखलेला तुकडा हंगामभर राखावा लागतो. अशा पिकातही ही पद्धत राबविता येते, हे या प्रयोगांनी दाखविले. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने पीक-आकडेवारीतील उणिवांची किंमत देशापुढे ठेवली होती. त्यामुळे अन्नधान्यांच्या अशा पाहण्यांना निकड प्राप्त झाली.

वादाचा गाभा

सुखात्मे यांनी १९४६ व १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पादन प्रत्यक्षाहून जास्त दिसते. तुकड्याच्या सीमेवरील रोपे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो, हे त्याचे कारण होय.

हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. ३३ फूट लांब व १६.५ फूट रुंद आयताचे क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, म्हणजे एकराचा ८० वा भाग भरते. परिषदेच्या पाहण्यांत साधारणतः हा आकार वापरला जाई. कापणी चारही बाजूंनी केवळ २ इंच बाहेर सरकली, तर क्षेत्र सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. परंतु २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात हीच चूक झाली, तर क्षेत्र १७ टक्क्यांहून अधिक वाढते. आता तुकड्यातुकड्यांतील प्रमाण विचलन ४० टक्के आहे असे मानू. १०० तुकड्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ४ टक्के व ४०० तुकड्यांची २ टक्के येईल. वर्तुळातील १७ टक्क्यांची अभिनती मात्र दोन्ही वेळा तेवढीच राहील. किंबहुना मोठ्या नमुन्यामुळे चुकीच्या आकड्यावरील आपला विश्वासच दुणावेल.

महालनोबीस यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. लहान तुकड्यांमुळे त्याच खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात आणि सीमेवरील चूक प्रशिक्षणाने आवरता येते, ही त्यांची भूमिका होती. माणसाकडून होणारी चूक दोघांनीही ओळखली होती. एकाने ती देखरेखीने रोखू पाहिली, तर दुसऱ्याने तुकड्याच्या आकारानेच तिचा परिणाम घटविला.

महसूल व्यवस्थेची पार्श्वभूमी

या मतभेदाचे एक कारण प्रशासकीय इतिहासात सापडते. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधारा पद्धतीमुळे सारा कायमचा ठरलेला होता. त्यामुळे दरवर्षी शेतनिहाय पिकांची नोंद ठेवणारी ग्रामयंत्रणा तेथे निर्माण झाली नाही. महालनोबीस यांना क्षेत्राचेही आकलन नमुन्यानेच करावे लागले. त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी अपरिहार्य होते. रयतवारी व अन्य अस्थायी साऱ्याच्या प्रदेशांत मात्र तलाठी वा पटवाऱ्याकडे प्रत्येक शेताची नोंद होती. सुखात्मे व पानसे यांनी तिचाच आधार घेऊन तालुका हा स्तर, त्यातून यादृच्छिक गावे, गावातून शेते व शेतातून तुकडा अशी रचना केली. अभिकल्पन असे उपलब्ध साधनांनुसार आकार घेते.

पुढे केंद्र शासनाने अधिकृत पीक-अंदाजांसाठी परिषदेची पद्धत स्वीकारली. तथापि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे अन्नधान्याचे आकडे त्या दशकात अधिकृत आकड्यांहून जास्त येत राहिले व वाद दीर्घकाळ चालू राहिला. १९५४ साली सुखात्मे यांचा नमुना सिद्धांतावरील ग्रंथ, तसेच पानसे व सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या प्रयोगांचा अनुभव त्यांद्वारे अध्यापनात आला.

समारोप

हा वाद केवळ इतिहासजमा झालेला नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्राचे सरासरी उत्पादन ठरविण्यासाठी पीककापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो व ते उंबरठा उत्पादनाशी ताडून भरपाई ठरते. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल व प्रत्यक्ष उत्पादन ९ क्विंटल असेल, तर घट १० टक्के होते. मोजणीत १० टक्के अभिनती शिरली, तर तेच उत्पादन ९.९ क्विंटल दिसते आणि घट १ टक्क्यावर येते. शेतकऱ्याचे नुकसान तेवढेच राहते. कागदावरून मात्र ते जवळजवळ नाहीसे होते.

अनभिनत आकलकाची व्याख्या आपण वर्गात एका ओळीत शिकवतो. ती ओळ खरी ठरणे हे शेतात दोरी ताणून धरणाऱ्या माणसावर अवलंबून असते, ही जाणीव विद्यार्थ्यांना देणे हेही संख्याशास्त्राच्या अध्यापनाचे कर्तव्य आहे. खेड्याच्या रयतेला १९१८ मध्ये हवी होती ती विश्वासार्ह मोजणीच होती.