एनएचएसची वेटिंग लिस्ट: निधी वाढला, तरी रांग का हटत नाही?

ब्रिटनमधली एनएचएस ही करांच्या पैशातून चालणारी आरोग्य सेवा. उपचार मोफत, पण गुडघा बदलायचा किंवा मोतीबिंदू काढायचा तर नंबर लावावा लागतो. इंग्लंडमध्ये यादीतल्या 92 टक्के रुग्णांची प्रतीक्षा 18 आठवड्यांच्या आत असावी, असं उद्दिष्ट आहे. 2016 नंतर ते गाठलेलं नाही.

कोव्हिडआधी या यादीत सुमारे 46 लाख नोंदी होत्या. सप्टेंबर 2023 मध्ये त्या 77 लाखांवर गेल्या. (नोंदी म्हणजे माणसं नव्हेत. एकाच रुग्णाचा गुडघा आणि डोळा, दोन्ही यादीत असू शकतात. व्हायरल पोस्टमध्ये हा फरक हमखास गळतो.)

ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात आरोग्याच्या दैनंदिन खर्चासाठी दोन वर्षांत 22.6 अब्ज पौंडांची वाढ जाहीर झाली. आठवड्याला 40 हजार जादा अपॉइंटमेंटचं आश्वासनही होतं.

मग अडतं कुठे? बऱ्याचदा बेडपाशी. बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून वॉर्डातच राहतात. ती सोय करणं स्थानिक परिषदांचं काम, आणि त्यांचं बजेट वेगळं. बेड रिकामा नसला की सर्जन हजर असूनही ऑपरेशन पुढे ढकललं जातं. म्हणून आता 'सर्जिकल हब'वर भर आहे: इमर्जन्सीच्या गर्दीपासून वेगळी ठेवलेली, फक्त आधी ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठीची ऑपरेशन थिएटरं आणि बेड.