लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराची शक्ति

ता. १ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता. लिस्बन शहरांतील देवळें भाविकांनीं भरलेलीं असतांना धरणी हादरली आणि तीं प्रार्थना करणारांवरच कोसळलीं. मागून समुद्र चढून आला. उलंडलेल्या मेणबत्त्यांनीं लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारों माणसें दगावलीं.

ईश्वर सर्वशक्तिमान् आहे, तर त्यानें हें कां होऊं दिलें? जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स यानें १७१० सालींच उत्तर देऊन ठेविलें होतें : परस्परविरुद्ध गोष्टी ईश्वरासही एकत्र आणतां येत नाहींत, शक्य विश्वांपैकीं उत्तम तेंच त्यानें निवडलें. हा तर्क मला खोडतां येत नाहीं. पण ढिगाऱ्यापाशीं उभें राहून तो उच्चारवतही नाहीं. व्हॉल्टेअरनें १७५६ सालीं त्याविरुद्ध काव्यच प्रसिद्ध केलें. रूसोनें त्यास पत्रीं कळविलें कीं, सहा-सात मजली घरें कांहीं सृष्टीनें बांधलीं नव्हतीं. खरें; पण लहान मुलांनीं तरी तीं कोठें बांधलीं होतीं?

पोर्तुगालचा प्रधान पोंबाल यानें गांवोगांवच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली : धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधीं ओसरला कीं चढला? किती माणसें मेलीं? ईश्वराचा हेतु तींत कोठेंच विचारलेला नव्हता. पाद्र्यांनीं उत्तरें लिहून पाठविलीं.