दिवाणखान्यातला मायक्रोस्कोप

मागच्या महिन्यात एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, "या आठ महिन्यांच्या गॅपमध्ये काय करत होतात?" मी जाम चाचरलो. घरी आलो आणि एरिक बेट्झिगबद्दल पुन्हा वाचायला घेतलं. त्याच्या सीव्हीतला गॅप बघून एचआरवाले फाईलच बंद करतील.

आधी थोडं मागे जाऊ. १८७३ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट आबेने दाखवलं, की भिंग कितीही भारी बनवा, साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला वेगळ्या दिसत नाहीत. प्रोटीनचा रेणू जेमतेम काही नॅनोमीटरचा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तेवढं बारीक बघतो, पण जिवंत पेशी त्यात टिकत नाही.

बेट्झिग मूळचा फिजिक्सवाला. कॉर्नेलची पीएचडी, मग १९८८ पासून न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. तिथे तो अगदी सूक्ष्म भोकातून उजेड सोडून, ते टोक वस्तूला जवळजवळ चिकटवून बघायचा. नाव झालं, पण ही पद्धत पृष्ठभागापुरतीच. पेशीच्या आत काही दिसेना. वैतागून १९९४ च्या सुमारास त्याने नोकरी सोडली आणि घरी लहान मुलीला सांभाळू लागला.

त्याच काळात त्याला एक आयडिया सुचली. दिवाळीत समोरच्या बिल्डिंगवरची माळ लांबून एकच उजेडाचा पट्टा दिसते ना? पण एकेक बल्ब वेगळा ओळखता आला, तर प्रत्येकाचा मधला बिंदू काढून सगळे एका नकाशावर मांडता येतील. १९९५ मध्ये यावर छोटासा पेपर आला. रेणूंना असं वेगळं करायचं कसं, तिथे मात्र गाडी अडली.

मग गडी गेला मिशिगनला, वडिलांच्या मशीन टूलच्या कंपनीत. तिथे नवं मशीन काढलं, विकली गेली फक्त दोन. २००२ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी पुन्हा बेकार. (आणि मी आठ महिन्यांवर घाम पुसतोय!)

त्याच वर्षी जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांनी एक प्रोटीन बनवलं होतं. जांभळा उजेड पडला की ते शंभरपट चमकायला लागतं. बेट्झिगला आणि बेल लॅब्जमधला त्याचा मित्र हॅराल्ड हेस याला हे कळलं थेट २००५ मध्ये, फ्लोरिडात. बेट्झिगची ट्यूब तिथेच पेटली. अगदी मंद उजेड सोडायचा, म्हणजे मोजकेच रेणू लागतात. फोटो घ्यायचा, ते विझू द्यायचे, पुढचे लावायचे. असे हजारो फ्रेम.

दोघांकडे लॅब नव्हती. मायक्रोस्कोप उभा राहिला हेसच्या सॅन डिएगोतल्या घरात, दिवाणखान्यात, स्वतःच्या पैशांनी. मग तो लिपिंकॉट-श्वार्ट्झच्या लॅबमध्ये नेला. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर छापून आला. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आबेचा नियम कुणी मोडलाच नाही. प्रत्येक ठिपका तसाच धूसर होता, फक्त त्याचं केंद्र गणिताने काढलं. अर्धं काम सॉफ्टवेअरचं, बरं का!

२०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला स्टेफान हेल आणि विल्यम मोअर्नर यांच्याबरोबर मिळालं. तोवर साहेब पुढे सरकले होते. ही पद्धत जिवंत, हलत्या पेशीसाठी फार हळू पडते म्हणून उजेडाच्या पातळ पापुद्र्याने बघणारा नवा मायक्रोस्कोप त्याने बनवला. त्याचा पेपर नोबेल जाहीर झालं त्याच महिन्यात आला.

माझा दुसरा राऊंड गुरुवारी आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.