मोटारीच्या हॉर्नचा विकास व घरगुती दुरुस्ती : चंद्रपूर-गडचिरोली वनजिल्ह्यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारीच्या इतिहासाचा अभ्यास करताना इंजिन, इंधन व रस्ते यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. हॉर्नसारखे लहान साधन बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः वाहन आणि रस्त्यावरील इतर जीव यांच्यातील संवादाचे ते एक मुख्य माध्यम होय. चंद्रपूर जिल्हा आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झालेला गडचिरोली जिल्हा यांच्या संदर्भात या साधनाला विशेष महत्त्व प्राप्त होते. साग व बांबूच्या जंगलातून जाणारे अरुंद रस्ते, झाडीने झाकलेली वळणे, गुरांचे कळप आणि वन्यप्राण्यांचा वावर ही येथील वाहतुकीची वैशिष्ट्ये आहेत. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित असून रेल्वेची सोय दीर्घकाळ वडसा या एकाच स्थानकापुरती मर्यादित राहिली. त्यामुळे रुग्ण, धान्य, टपाल व लाकूड यांची वाहतूक मुख्यतः रस्त्यानेच झाली.

अशा प्रदेशात हॉर्न बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. गॅरेज कित्येक किलोमीटर दूर असताना चालकाला दोष स्वतःच शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात हॉर्नचा विकास आणि त्याच्या दुरुस्तीचे ज्ञान यांचा परस्परसंबंध तपासला आहे. हॉर्नच्या रचनेत निरनिराळ्या काळी निरनिराळे भाग येऊन मिळाले. दोष शोधताना या थरांतून नव्याकडून जुन्याकडे जावे लागते, असे येथे प्रतिपादन आहे.

भोंग्यापासून विद्युत हॉर्नपर्यंत :

आरंभीच्या मोटारींना रबरी फुग्याचा भोंगा असे. फुगा दाबला की हवा पितळी कर्ण्यातील पातळ पट्टीवरून जाऊन आवाज निघे. यात वीज नसल्याने बिघाडही मोजकेच होते : फुगा फाटणे, पट्टी वाकणे किंवा कर्ण्यात कचरा अडकणे. पुढे अमेरिकेतील मिलर रीस हचिसन या संशोधकाने धातूच्या पडद्यावर दातेरी चाक घासून कर्कश आवाज काढणारे यंत्र तयार केले. १९०८ पासून ते ‘क्लॅक्सन’ या नावाने बाजारात आले. हचिसन याने त्यापूर्वी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते, ही बाब लक्षणीय आहे.

त्यानंतर रूढ झालेल्या विद्युतचुंबकीय हॉर्नने चाक व मोटर दोन्ही वगळले. त्यात कॉइल, पोलादी पडदा आणि पॉइंटची एक जोडी एवढेच मुख्य भाग असतात. वीज वाहिली की कॉइलचे चुंबक होऊन पडदा ओढला जातो. ओढला जाताच पॉइंट उघडतात व वीज तुटते. पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. ही क्रिया एका सेकंदात शेकडो वेळा घडून आवाज निर्माण होतो. एका शतकात मोटार आमूलाग्र बदलली, तरी हॉर्नचे हे मूळ तत्त्व मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले. घरगुती दुरुस्ती शक्य होण्याचे हेच प्रमुख कारण आहे.

वनजिल्ह्यांतील वाहने व परिसर :

१९४७ मध्ये मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. या बनावटीच्या जीप पुढे सरकारी खात्यांमार्फत दुर्गम भागांत पोहोचल्या. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची स्थापना झाली. आलापल्लीच्या जंगलातील साग आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी लागणारा बांबू यांमुळे मालमोटारींची वर्दळ वाढली. एसटी व मालमोटारींवर विद्युत हॉर्नच्या जोडीला रबरी भोंगाही दीर्घकाळ आढळे. बॅटरी उतरली तरी भोंगा वाजतो, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढे खाजगी मोटार मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येऊ लागली.

हॉर्नच्या बिघाडाशी परिसराचाही निकटचा संबंध आहे. हॉर्न बहुधा पुढील जाळीमागे, खालच्या बाजूस असतो. पावसाळ्यातील चिखल-पाणी, चंद्रपूर-बल्लारपूर-घुग्घुस पट्ट्यातील कोळशाची धूळ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि कर्ण्यात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी ही बिघाडाची ठळक कारणे संभवतात. पावसाळ्यात तर प्रश्न अधिक बिकट होतो. २०१९ मध्ये पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. अशा वेळी गाडी गॅरेजपर्यंत नेणेच अशक्य असते.

दोषनिदानाचा क्रम :

दोष शोधण्यापूर्वी हॉर्नचे लक्षण ऐकणे आवश्यक ठरते. पूर्ण शांतता, केवळ ‘टिक्’ असा आवाज, घोगरा आवाज आणि न थांबणारा आवाज ही चार लक्षणे चार निरनिराळ्या दिशा दाखवितात.

पूर्ण शांतता असल्यास प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. जाड तार गुंडाळणे म्हणजे वायरिंगला आगीचे आमंत्रण देणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर वायर कोठे तरी बॉडीला टेकली आहे असे समजावे.

त्यानंतर रिलेचा विचार येतो. दोन हॉर्नची जोडी वापरात आल्यावर प्रवाह वाढला व बटणाचे पॉइंट जळू लागले. त्यामुळे बटणातून अल्प प्रवाह आणि रिलेतून मोठा प्रवाह अशी विभागणी झाली. रिले ‘टिक्’ करतो पण हॉर्न वाजत नाही, अशा वेळी त्याच जातीचा दुसरा रिले बदलून पाहावा. हॉर्न सतत वाजत राहिल्यास आधी हॉर्नचा फ्यूज वा रिले काढून तो बंद करावा. रिले चिकटलेला किंवा बटणाची वायर बॉडीला लागलेली असण्याची शक्यता असते.

तिसरा थर वायर व अर्थ यांचा आहे. हॉर्नच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्या व्यक्तीला बटण दाबण्यास सांगावे. दिवा लख्ख पेटला तर वीज पोहोचते आहे व दोष हॉर्नमध्येच आहे. दिवा न पेटल्यास त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पुन्हा पाहावे. आता पेटला तर अर्थ खराब आहे. गंजलेली पट्टी व नटबोल्ट पॉलिश पेपरने घासून घट्ट केल्याने हा दोष दूर होतो. मात्र ज्या गाड्यांत बटण अर्थची बाजू जोडते, तेथे हॉर्नवर वीज कायम असते, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जुना थर म्हणजे खुद्द हॉर्न. तो काढून फ्यूज लावलेल्या वायरींनी क्षणभर थेट बॅटरीला जोडावा. आवाज घोगरा असल्यास कर्ण्यातील माती काढून हॉर्न वाळवावा. अनेक हॉर्नच्या मागे पॉइंटचा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवून तो पाव फेऱ्याहून कमी फिरवावा, थोडे वाजवून पाहावे आणि स्वच्छ आवाज मिळताच थांबावे. परत बसविताना कर्ण्याचे तोंड खाली ठेवल्यास पाणी साचत नाही.

मर्यादा व कायदा :

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. अशा मोटारींत बटणाची वीज स्टीअरिंगमधील गुंडाळलेल्या पट्टीतून जाते व एअरबॅगची जोडणीही तेथूनच असते. हॉर्नबरोबर एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर स्टीअरिंग घरी उघडू नये. हा सर्वांत नवा थर असून घरगुती दुरुस्तीची सीमा येथे संपते.

मूळ हॉर्न बिघडला म्हणून त्याहून कर्कश हॉर्न बसविण्याची प्रवृत्तीही दिसते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ अन्वये निरनिराळ्या सुरांचे आणि अवाजवी कर्कश हॉर्न निषिद्ध आहेत. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाच्या परिसरात या नियमाचा अर्थ अधिक गहन होतो. वळणावर समोरच्याला सावध करणारा आवाज आवश्यक असतो. वनातील प्राण्यांना बिथरविणारा आवाज नव्हे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, हॉर्नची दुरुस्ती ही केवळ कारागिरी नसून तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे उपयोजन आहे. फ्यूज, रिले, वायर, अर्थ व हॉर्न असा क्रम पाळल्यास बरेच सामान्य दोष टेस्ट लॅम्प, पाना, स्क्रू ड्रायव्हर व पॉलिश पेपर यांच्या साहाय्याने घरीच सापडतात. वनजिल्ह्यांत या ज्ञानाचे मोल दुहेरी आहे. त्यामुळे गॅरेजपासून दूर असलेले वाहन सुरक्षित राहते आणि मूळ हॉर्न टिकल्याने जंगलात कर्कश हॉर्नची भर पडत नाही. आयटीआय व ग्रामीण महाविद्यालयांच्या कौशल्यविषयक अभ्यासक्रमांत अशा लहान दुरुस्त्यांना त्यांच्या इतिहासासह स्थान मिळणे उचित ठरेल.